यंत्र बदला, पण मांडलेले दुकान मोडू नका

संगणक मंद चालू लागला की व्यापारी तो उचलून सीताबर्डीला नेतो. मेकॅनिक झाकण काढून पाहतो आणि ठरलेले वाक्य बोलतो, ‘नवी डिस्क टाकू, पण फॉरमॅट मारावे लागेल.’ व्यापारी मान डोलावतो. संध्याकाळी संगणक घरी येतो, वेगही वाढलेला असतो. दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसल्यावर कळते की टॅली उघडत नाही, बिलाचा प्रिंटर ओळखला जात नाही आणि लग्नपत्रिकांच्या मराठी फायलींत अक्षरांच्या जागी किडेमुंग्या दिसत आहेत.

आमचे मत स्पष्ट आहे. बहुतेक वेळा हे फॉरमॅट गिऱ्हाइकाच्या गरजेचे नसते, मेकॅनिकच्या सोयीचे असते. कोरी विंडोज टाकणे हे रोजचे काम, त्यात डोके लागत नाही. जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवायची, ज्याला ते क्लोन करणे म्हणतात, तर तासदोन तास लक्ष ठेवून बसावे लागते. त्याचे वेगळे पैसे मागितले तर खुशाल द्यावेत. एक दिवस धंदा बंद राहिला तर त्याहून जास्त जातात.

वाचक बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संगणकातली मौल्यवान वस्तू म्हणजे विंडोज नव्हे. तिच्यावर चार-सहा वर्षांत आपण जे मांडले ते मौल्यवान. टॅलीचा डेटा अनेक ठिकाणी सी ड्राइव्हमध्येच पडलेला असतो आणि फॉरमॅटमध्ये सर्वात आधी तोच जातो. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. अधिकाऱ्यापुढे ‘मेकॅनिकने पुसले’ हे उत्तर चालत नाही. शिवाय टॅलीचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. मोठी दुरुस्ती करण्यापूर्वी तो ‘सरेंडर’ करून ठेवावा, नंतर पुन्हा चालू करावा. पाच मिनिटांचे काम आहे, पण आधी करायचे आहे.

छपाईवाल्यांचे दुखणे याहून मोठे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला मराठी मजकूर त्याच फॉन्टमध्ये वाचता येतो. फॉन्ट गेले की फाइल असून नसल्यासारखी. १९९४ साली दिल्लीहून आलेल्या इनपेजने उर्दू कातिबांचे काम टेबलावरून संगणकावर आणले. मोमीनपुऱ्यापासून महालपर्यंत तिन्ही भाषांत पत्रिका छापणाऱ्यांची अशी वर्षानुवर्षांची जुळणी एकेका डिस्कवर साठलेली असते. त्या काळच्या डीटीपी सॉफ्टवेअरची कुलपे प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागत. आज मिळणाऱ्या मदरबोर्डांवर तो पोर्ट सहसा नसतो. तेव्हा असे कुलूप वापरणाऱ्याने मदरबोर्ड बदलण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. पोर्ट नसेल तर क्लोनसुद्धा कामाचा नाही.

आता मेकॅनिकची बाजूही ऐकली पाहिजे. रॅम वाढवली तर विंडोजला हात लावावा लागत नाही. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली तर क्लोन पुरतो. क्लोनझिला हे त्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. खरा प्रश्न मदरबोर्ड बदलताना येतो. एक्सपी किंवा विंडोज ७ च्या काळात जुनी डिस्क वेगळ्या बोर्डाला लावली की निळा पडदा येई, कारण नव्या बोर्डावरून डिस्क वाचणारा ड्रायव्हर तिच्यात चालू नसे. फॉरमॅट मारायची उस्तादांची सवय त्या दिवसांतली आहे आणि तेव्हा ती बरोबरच होती. विंडोज १० आल्यापासून बहुतेक वेळा पहिल्या सुरुवातीला यंत्र स्वतःच नवे भाग ओळखून घेते. परवाना मात्र तपासावा. संगणकाबरोबर आलेली विंडोज त्या बोर्डाशीच बांधलेली असते. वेगळी विकत घेतलेली असेल तर ती नव्या बोर्डावर नेता येते, त्यासाठी ती आधीच मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवावी. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर लिहून घ्यावी, नाहीतर बोर्ड बदलल्यावर आपल्याच दुकानाबाहेर आपण उभे.

फॉरमॅट खरोखर लागतो अशाही जागा आहेत. ३२ बिटची विंडोज असेल तर ८ जीबी रॅम टाकूनही ४ च्या वर उपयोग होत नाही, आणि ६४ बिटवर जायला कोरी मांडणीच करावी लागते. व्हायरसने पोखरलेली किंवा चोरीची विंडोज क्लोन करणे म्हणजे वाळवीसकट दरवाजा नव्या घराला बसवणे.

हा विषय आज काढण्याचे कारण असे की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्यांची जादा मुदत ठेवली गेली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, आणि इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे. म्हणून बोर्ड बदलायची वेळ अनेकांवर आली. तेव्हा हेही माहीत असू द्या की विंडोज १० वरूनच ११ चढवता येते आणि त्यात फायली व प्रोग्राम जागेवर राहतात. जुन्या पद्धतीची डिस्क नव्या यूईएफआय पद्धतीत बदलणारे साधन २०१७ पासून विंडोजमध्येच दिलेले आहे.

लाकडावर जाळी कोरणाऱ्या सीएनसी मशीनवाल्यांनी मात्र या लाटेत वाहू नये. माक ३ हा प्रोग्राम पॅरलल पोर्टवरून चालतो तो ३२ बिटच्या जुन्या विंडोजवरच. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे. असा संगणक इंटरनेटपासून तोडून जसा आहे तसा चालवावा आणि त्याच्या डिस्कची एक प्रत करून कपाटात ठेवावी. बिलांसाठी दुसरा घ्यावा.

शेवटी जुन्या डिस्कविषयी. ती मेकॅनिककडे सोडून येऊ नये. गिऱ्हाइकांचे नंबर, बँकेचे कागद, सगळे तिच्यात असते. क्लोन झाल्यावर ती तशीच गल्ल्यात ठेवावी. नव्या डिस्कवरून टॅलीची बिले निघाली, जुनी एखादी पत्रिका उघडून छापून पाहिली, महिन्याचे जीएसटी भरून झाले, की मग ती पुसून बॅकअपला लावावी.