कुटुंबवैद्य घडवावा लागतो

‘मुलगा नुसता एमबीबीएस आहे.’ मध्यमवर्गीय घरांतून हे वाक्य आज सहज उच्चारले जाते. साडेचार वर्षांचे अध्ययन आणि वर्षभराची आंतरवासिता पूर्ण केलेल्या तरुणाला ‘नुसता’ हे विशेषण लावताना कोणालाही संकोच वाटत नाही. ‘पुढे कशात करणार?’ हा प्रश्न ठरलेला असतो. हृदयरोग, अस्थिरोग, क्ष-किरणशास्त्र यांपैकी कोणतेही उत्तर मान्य होते. ‘कुटुंबाचा डॉक्टर होणार’ हे उत्तर मात्र अपयशाची कबुली समजले जाते. आणि याच घरांतून, घरात आजारपण आले की, ‘पूर्वीसारखे फॅमिली डॉक्टर आता राहिले नाहीत’ अशी खंत व्यक्त होते. ज्या वृत्तीला समाजाने प्रतिष्ठा नाकारली आणि शासनाने शिक्षण नाकारले, ती वृत्ती टिकावी तरी कशी?

यातील प्रतिष्ठेची चर्चा पुष्कळ होते. शिक्षणाची होत नाही. कुटुंबवैद्यक हे एक स्वतंत्र शास्त्र आहे, त्याचे पदव्युत्तर प्रशिक्षण असते आणि जगातील अनेक प्रगत देशांत त्यावाचून दवाखाना थाटता येत नाही, ही गोष्ट आपल्या सुशिक्षित समाजालाही फारशी ठाऊक नाही.

हजारातला एक

१९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मूलगामी निबंध प्रसिद्ध केला. अमेरिका आणि ब्रिटन येथील माहितीच्या आधारे त्यांनी मांडलेला हिशेब असा : एक हजार प्रौढ माणसांपैकी एका महिन्यात सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखणे जाणवते, त्यांतील २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात आणि अवघा एक विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो. आकडे देशकालानुसार बदलतील. पण त्यांतील मर्म बदलत नाही. वैद्यकाचा विद्यार्थी शिकतो तो त्या हजारातल्या एकावर आणि पदवी घेऊन दवाखाना उघडतो तेव्हा त्याच्यासमोर येऊन बसतात ते उरलेले अडीचशे.

हे अडीचशे वेगळे असतात. त्यांच्या कपाळावर रोगाचे नाव लिहिलेले नसते. पावसाळ्यातील दोन दिवसांचा ताप साधा आहे, की हिवताप, डेंग्यू वा लेप्टोस्पायरोसिसची सुरुवात आहे, हे दहा मिनिटांत आणि मोजक्या साधनांनिशी ठरवायचे असते. पोट दुखते म्हणून वारंवार येणाऱ्या सुनेचे खरे दुखणे पोटात नसून मनात असू शकते. चार तज्ज्ञांनी लिहून दिलेली बारा औषधे एकाच वेळी घेणाऱ्या आजोबांची कोणती गोळी थांबवावी, याचा विचार करणारा पाचवा माणूस लागतो. असाध्य रोगाने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला घरीच वेदनामुक्त ठेवणे हेही त्याचेच काम. कोणाला थोपवून धरायचे, कोणाला तातडीने पुढे पाठवायचे आणि कोणाला केवळ धीर द्यायचा, हा विवेक मोठ्या रुग्णालयाच्या कक्षात शिकायला मिळत नाही.

चरकसंहितेत वैद्याचे चार गुण सांगितले आहेत : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ प्रत्यक्ष कर्म पाहिलेले असणे, दक्षता आणि शुचिता. आजचा पदवीधर पहिल्या गुणात उणा नाही. दुसरा गुण मात्र त्याच्या ठायी यावा, अशी व्यवस्थाच नाही. त्यासाठी असलेले आंतरवासितेचे वर्ष पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीने गिळून टाकले आहे.

मोडलेली परंपरा

पूर्वीचे डॉक्टर हे सारे कोठे शिकले? त्यांतील अनेक जण ज्येष्ठ डॉक्टरांच्या दवाखान्यात शिकले. नवा पदवीधर वर्ष-दोन वर्षे एखाद्या मुरलेल्या डॉक्टरकडे बसे, त्यांच्याबरोबर घरभेटीला जाई, रुग्णाशी काय बोलावे आणि काय बोलू नये हे पाहून शिके. ही एक प्रकारची गुरु-शिष्य परंपराच होती. तिला ना प्रमाणपत्र होते, ना परीक्षा. म्हणूनच ती मोडली तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही.

ब्रिटनने याच परंपरेला शास्त्रशुद्ध रूप दिले. तेथील सामान्य वैद्यकसेवेची दुरवस्था १९५० मध्ये जोसेफ कॉलिंग्ज यांच्या अहवालाने चव्हाट्यावर आणली. दोनच वर्षांत तेथील डॉक्टरांनी आपली स्वतंत्र शैक्षणिक संस्था स्थापन केली. १९७६ मध्ये व्यावसायिक प्रशिक्षणाचा कायदा झाला आणि ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभापासून तीन वर्षांचे प्रशिक्षण बंधनकारक ठरले. त्यातील काही काळ रुग्णालयाच्या विविध विभागांत आणि काही काळ मान्यताप्राप्त प्रशिक्षक-डॉक्टरच्या दवाखान्यात जातो. अमेरिकेने १९६९ मध्येच या शाखेला स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा दिला.

आपल्याकडे अहवालांची वाण कधीच नव्हती. सर्वसामान्यांची सेवा करणारा मूलभूत डॉक्टर भोर समितीने १९४६ मध्येच कल्पिला होता. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने कुटुंबवैद्यकाच्या तज्ज्ञांची निकड सांगितली. संसदेच्या स्थायी समितीने २०१६ मध्ये सर्व वैद्यकीय महाविद्यालयांत हा विषय आणण्याची शिफारस केली. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने तर या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना चालना देणे हे आयोगाच्या पदव्युत्तर मंडळाचे कर्तव्यच ठरवले. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा तीन वर्षांचा डीएनबी अभ्यासक्रम उपलब्ध आहे, २०२० पासून दोन वर्षांची पदविकाही आहे. कोळिकोडच्या शासकीय महाविद्यालयाने एम.डी. सुरू करून वाट दाखवली. तरीही बहुतांश वैद्यकीय महाविद्यालयांत या विषयाचा स्वतंत्र विभाग नाही. ज्या विषयाचा प्राध्यापकच विद्यार्थ्याने पाहिलेला नाही, तो विषय त्याने आयुष्यभरासाठी निवडावा, ही अपेक्षाच भाबडी आहे.

आक्षेप आणि उत्तर

‘आणखी तीन वर्षे शिकवले तर डॉक्टर खेड्यात जातील कसे?’ असा आक्षेप घेतला जातो. तो अप्रामाणिक नाही. पण त्याचे उत्तर मेळघाटात मिळते. बैरागडला आयुष्य वेचणारे डॉ. रवींद्र कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. दुर्गम भागात जाण्यापूर्वी त्यांनी तेथे लागणारी कौशल्ये स्वतःहून शिकून घेतली आणि काही काळ काम केल्यावर शिक्षण अपुरे पडते असे दिसताच ते पुन्हा एम.डी. करण्यास परतले. कोल्हे यांनी जे स्वतःच्या निश्चयाने मिळवले, ते सामान्य कुवतीच्या तरुणाला व्यवस्थेने द्यायला हवे. अपुऱ्या तयारीनिशी खेड्यात धाडलेला पदवीधर टिकत नाही; स्वतःच्या हातावर विश्वास असलेला टिकू शकतो. शिवाय ही तीन वर्षे महानगरातच घालवावी लागतात असे नाही. उपजिल्हा रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हीच या शिक्षणाची खरी शाळा आहे. प्रशिक्षणार्थी विद्यावेतन घेऊन शिकेल आणि शिकता शिकता रुग्णसेवाही करील.

करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. प्रत्येक शासकीय महाविद्यालयात कुटुंबवैद्यकाचा विभाग आणि त्यात पदव्युत्तर जागा हव्यात. तीस-चाळीस वर्षे सचोटीने दवाखाना चालवलेल्या डॉक्टरांना प्रशिक्षक म्हणून मान्यता हवी. त्यांच्याबरोबर लयाला जाणारे ज्ञान कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही. आज व्यवसायात असलेल्यांसाठी, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २००६ पासून चालवलेल्या दूरशिक्षणाच्या धर्तीवर, मराठी मुलखातही सोय हवी. आणि ही पदवी घेणाऱ्याला शासकीय सेवेत तज्ज्ञाचे वेतन व पद हवे. एरवी अभ्यासक्रम कागदावर राहील.

उरते समाजाचे दायित्व. डोके दुखले की थेट मेंदूविकारतज्ज्ञ आणि छातीत जळजळले की थेट हृदयरोगतज्ज्ञ गाठण्याची सवय पैसा, वेळ आणि मनःशांती तिन्ही हिरावून घेते. तज्ज्ञ हवेतच, पण कोणत्या तज्ज्ञाकडे, केव्हा आणि मुळात जायचे की नाही, हे सांगणारा घराला ओळखणारा वैद्य त्यांच्या आधी हवा. ज्या घरातील बुद्धिमान मुलगा वा मुलगी ‘मला कुटुंबवैद्य व्हायचे आहे’ असे म्हणेल, त्या घराने मान खाली न घालता त्या निर्णयाचे स्वागत करावे. तो दिवस यावा यासाठी शासनाने विभाग उघडावेत आणि समाजाने ‘नुसता’ हा शब्द मागे घ्यावा.