गडी कुणाचा?



इंग्रजीत एक जुना शब्द आहे, थ्रॉल. हजारएक वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या दर्यावर्दी टोळ्यांनी तो इंग्लंडात नेला. अर्थ सरळ आहे : गुलाम. आज गायकाने सभा जिंकली की इंग्रजी पेपरवाले लिहितात, श्रोते ‘एन्थ्रॉल’ झाले! गुलामाच्या शब्दाला अत्तर लागलं.

हसू नका. आपल्या ‘गडी’चं काय? खेळात तो भिडू, शाबासकीत ‘काय गडी आहे!’, आणि पालघर-डहाणू-तलासरीकडे तो होता लग्नगडी. वारली पोराने लग्नासाठी सावकाराचे पैसे घ्यायचे आणि फेडीसाठी त्याच्याच वाड्यावर राबायचं, बायकोसकट. हिशेब सावकाराच्या हाती, मग तो फिटणार कसा? १९४५ साली झरीच्या परिषदेत परुळेकर पती-पत्नींच्या साथीने वारल्यांनी ठरवलं, वेठ करणार नाही. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली.

वेठ हा शब्द संस्कृतातून आला, बिगार फारसीतून. राजवटी बदलल्या, राबणारे तेच. घटनेच्या इंग्रजी मजकुरातही २३ व्या कलमात ‘बेगार’ हा आपल्याकडचाच शब्द घालावा लागला. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारांची कर्जं रद्द केली. तरी बोईसर-तारापूरच्या कारखान्यांचा धूर दिसतो त्याच जिल्ह्यातली कातकरी कुटुंबं आधी घेतलेली ‘उचल’ दिवाळीनंतर वीटभट्टीवर फेडायला जातात.

हे तिकडचं, आपल्या कापूस-ज्वारीच्या रानात कशाला, असं कुणी म्हणेल. मग सालगडी कुणाच्या गोठ्यात झोपतो? सालदार म्हणा, गडी म्हणा. पाडव्याला साल ठरतं, उचल दिली जाते, आजारपणाचे खाडे कापले जातात, आणि उरलेली बाकी पुढच्या सालात ओढली जाते.

‘कापसालाच भाव नाही, गड्याला काय देऊ?’ खरं आहे. भावाची लढाई आपण सोडणार नाही. पण पैसा नाही म्हणून मजुरी कमी पडणं वेगळं आणि बाकी दाखवून माणूस अडकवणं वेगळं. कर्जमुक्ती मागताना आपण ठणकावून सांगतो, हे कर्ज आमचं नव्हे, लादलेलं आहे. गड्याच्या बाकीला तोच न्याय लावताना जीभ का अडखळते?

जिल्हा बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत : साल संपलं की सालगड्याची बाकी कोरी. ज्यांना हे खुपेल त्यांनी जरूर यावं. येताना वही आणावी.