रडारचा पाऊस व मंडळाचा पाऊस

महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला म्हणजे अतिवृष्टी झाली असे सरकारदरबारी समजण्यात येते, व पंचनाम्याची वाट मोकळी होते. हा आकडा ठरतो मंडळाच्या पर्जन्यमापकावर. महसूल खात्यात असता पावसाचे तक्ते आम्ही वर्षानुवर्षे उतरविले. म्हणून या मापकाची योग्यता आम्ही जाणतो, तशीच मर्यादाही जाणतो. त्याचे तोंड वीतभरही रुंद नाही, आणि हिशेब मात्र कित्येक गावांच्या शिवाराचा! तिसगावास ऊन व दोन कोसांवर ओढ्यास पूर, हे आपल्या मुलखात नवल नव्हे.

ही उणीव रडार भरून काढील, मग मापक हवाच कशाला, असे काही शेतकरी बंधू म्हणतात. त्यांचा उत्साह स्तुत्य आहे. परंतु रडार पाऊस मोजीत नाही, अजमावते. ते लहरी सोडते व थेंबांवरून परतलेल्या लहरींच्या जोरावरून अनुमान बांधते. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की त्यातील पाणी आठपट होते, पण प्रतिध्वनी चौसष्टपट. अर्थात दोन मिलिमीटरचा एक थेंब रडारला एक मिलिमीटरच्या ६४ थेंबांएवढा भासतो. पाणी मात्र त्या ६४ थेंबांत आठपट अधिक असते.

मार्शल व पामर यांनी कॅनडातील पावसावरून १९४८ साली एक सूत्र प्रसिद्ध केले. रडारच्या मोजपट्टीवर ४० अंकांचा प्रतिध्वनी आला, तर त्या सूत्राने ताशी साडेअकरा मिलिमीटर पाऊस निघतो. उष्ण कटिबंधातील पावसाकरिता अमेरिकेत वापरतात त्या सूत्राने साडेएकवीस. तीच सर तीन तास टिकल्यास एका हिशेबाने सुमारे ३५, दुसऱ्याने सुमारे ६५! ढग तोच, नुकसान तेच. परंतु सूत्र पालटताच शेतकरी अतिवृष्टीच्या उंबरठ्यावर येतो किंवा फार मागे राहतो.

खरे सूत्र ज्या त्या मुलखातील थेंबांनीच सांगावयाचे असते. थेंबांचे आकार व संख्या मोजणारे डिस्ड्रोमीटर नावाचे यंत्र आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरी मेघविज्ञानाची प्रयोगशाळा स्थापिली. तेथे असे मापन झाले आहे. परंतु घाटमाथ्यावरील संततधारेत बारीक थेंबांचा भरणा, तर आपल्या वळिवात थेंब टपोरे. घाटाचे सूत्र पर्जन्यछायेस लावणे म्हणजे भातखाचराची आणेवारी बाजरीच्या रानास लावणे होय.

यास्तव आमचे म्हणणे असे की, पर्जन्यछायेच्या तालुक्यांतही थेंबमापक यंत्रे बसवावीत. रडारचा गावनिहाय अजमास मंडळाच्या आकड्याशेजारी प्रसिद्ध व्हावा. आणि दोहोंत मोठी तफावत दिसेल तेथे मागणी फेटाळण्यापूर्वी प्रत्यक्ष पाहणी व्हावी. आपणही गावोगावी साधा पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता वहीत नोंद करावी. मोघम तक्रारीपेक्षा तारीखवार लिहिलेला आकडा कचेरीत अधिक टिकतो, हा आमचा अनुभव आहे.