एक खोली ‘बार्शी लाइट’साठी

हुतात्मा एक्स्प्रेसची वाट बघत तुम्ही कुर्डुवाडी जंक्शनवर मोबाइल चाळत बसता. पण याच स्टेशनाचं नाव एकेकाळी ‘बार्शी रोड’ होतं, हे माहितीये? १८९७ मध्ये इथून बार्शीला अडीच फुटी रुळांवरून गाडी सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही बार्शी लाइट रेल्वे पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोचली. कित्येक वारकऱ्यांनी पंढरी गाठली ती याच छोट्या गाडीतून.

आता सगळीकडे ब्रॉडगेज आहे. ते हवंच होतं. पण गाडी गेली म्हणून तिची आठवणही भंगारात काढायची का?

संग्रहालय म्हटलं की मोठी इमारत आणि तिकीट खिडकी डोळ्यांसमोर येते. खरं तर एक खोली पुरते, तीही फुकट बघता येणारी. पुठ्ठ्याची तिकिटं, कंदील, वर्कशॉपातले ग्रुप फोटो कुणाकुणाच्या ट्रंकेत पडून असतील. कॉलेजने खोली द्यावी, वस्तू आपण गोळा करू.

आणि सुरुवात आजच करा. वर्कशॉपात राबलेले आजोबा शेजारी असतील, तर त्यांच्यापाशी बसा, बोलणं रेकॉर्ड करा. कंदील उद्याही मिळेल. आजोबा थांबतीलच असं नाही.