पटाची जोडी दाराशी, पण शब्द कुणाचा?

मैत्रिणींनो, टीव्हीवर तुम्ही पाहिलंच असेल. कुणी कड्यावरून उडी घेतो, कुणी मोटारसायकल हवेत गरकन फिरवून पुन्हा चाकांवर उतरवतो. बघताना आपलाच श्वास अडकतो. अशा खेळांना ‘एक्स्ट्रीम स्पोर्ट्स’ म्हणतात. १९९५ मध्ये ईएसपीएन या क्रीडावाहिनीने अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडला असे खेळ एकत्र करून मोठी स्पर्धा भरवली आणि हे नाव जगभर पोचलं. आपल्याला वाटतं, ही पोट भरलेल्यांची हौस. पण जिवावर उदार होऊन शर्यत लावणं आपल्या गावांना खरंच नवं आहे का?

भोकरदन तालुक्यातल्या धावड्यापासून थेट विदर्भापर्यंत कुणालाही ‘शंकरपट’ म्हणून बघा, डोळे चमकतात. पश्चिम महाराष्ट्रात त्यालाच बैलगाडा शर्यत म्हणतात. नावं निराळी, रीत थोडीफार निराळी, पण वेड तेच. पिकं घरात आली की मोकळ्या रानात पट भरतो. हलक्या छकड्याला जोडी जुंपायची, धुरकऱ्याने कासरा धरायचा आणि काही सेकंदांत निकाल! ना हेल्मेट, ना पट्टा. जोडी उधळून गर्दीत शिरली किंवा धुरकरी चाकाखाली आला, तर पुढचं सांगायला नको. याहून ‘एक्स्ट्रीम’ ते काय असणार?

या खेळाने गेल्या काही वर्षांत कोर्टाच्या पायऱ्याही खूप झिजवल्या. २०११ मध्ये केंद्र सरकारने खेळ करून दाखवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही थांबवल्या. शेपूट पिरगाळणं, आरी टोचणं, मारझोड ही कारणं काही खोटी नव्हती. मग २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, त्याला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना अटींवर वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटकचे कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावराची डॉक्टरकडून तपासणी लागते, मारहाण चालत नाही. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

एवढी बंदी येऊनही वेड का ओसरलं नाही? नुसती मजा म्हणून नाही. ट्रॅक्टर आला आणि गोठ्यातला बैल कमी झाला. ज्याच्या जिवावर शेती उभी राहिली, त्याला वर्षातून एकदा पोळ्याला ओवाळायचं, एवढंच उरलं. पटात मात्र बैलाचं नाव लाउडस्पीकरवर पुकारलं जातं. त्याच्यासोबत मालकाचं आणि गावाचंही. कापसाला भाव नाही, मिरची पावसाने गेली, पोराला नोकरी लागत नाही, अशा वर्षात चार लोकांत मान मिळण्याची ती एकच जागा असते. भीती असते म्हणूनच त्या मानाला किंमत असते. कड्यावरून उडी घेणाऱ्याचं आणि आपल्या धुरकऱ्याचं मन इथे सारखंच आहे.

पण आता यात पैसा शिरलाय. पूर्वी बक्षिसाला फेटा, ढाल, फार तर थोडी रोख रक्कम असायची. आता मोटारसायकल, ट्रॅक्टर, थार. सांगली जिल्ह्यात तर २०२५ मध्ये फॉर्च्युनर गाडी लागली. पळणाऱ्या बैलाची किंमत लाखांत जाते. बक्षीस एकालाच मिळतं, खर्च मात्र पट लावणाऱ्या प्रत्येकाला असतो. दूध, अंडी, उडीद, कणकेचे गोळे, टेम्पोचं भाडं, मैदानाची फी. हे कुठून येतं? बायांनो, हे तुमच्याआमच्या घरातूनच येतं. कधी पोरीच्या फीमधून, कधी बचत गटाच्या कर्जातून.

खरी गोम इथे आहे. सकाळी वैरण घालते ती, पाणी दाखवते ती, शेण काढते ती. बैल तिच्या आवाजाला कान टवकारतो. पण जोडी घ्यायची की विकायची, पटाला किती लावायचे, पोराला धुरकरी म्हणून उभं करायचं का, या बैठकीत तिला कुणी बसवत नाही. तिने फक्त दिवस मावळेपर्यंत दाराकडे बघायचं. उद्या हात-पाय मोडला तर दवाखान्यात डबा घेऊन जाणारीही तीच.

हे दुखणं फार जुनं आहे बरं. प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिम्पिकला चार घोड्यांच्या रथांची शर्यत असे. विवाहित बाईला तो सोहळा नुसता बघायचीही बंदी होती. पण विजेता म्हणून नाव घोड्यांच्या मालकाचं लागे. स्पार्टाच्या राजाची बहीण किनिस्का हिने घोडे पोसले आणि इसवी सनपूर्व ३९६ आणि ३९२ मध्ये शर्यत जिंकली. रथ हाकला पुरुषाने, नाव मात्र तिचं लागलं. ऑलिम्पिकची ती पहिली महिला विजेती. आपल्याकडे जोडी पोसणाऱ्या किती जणींचं नाव पुकारलं जातं, सांगा बरं?

‘बाईचं काम नव्हे’ म्हणणाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरला जाऊन यावं. तिथल्या नावाजलेल्या शंकरपटात महिलांचा वेगळा पट होतो. बायका स्वतः छकड्यावर चढतात, कासरा हाती घेतात आणि जोडी पळवतात. म्हणजे धाडस पुरुषाच्या वाट्याला आणि काळजी बाईच्या, ही वाटणी देवाने केलेली नाही. ती आपणच केली आहे.

म्हणून पट बंद करा, असं माझं म्हणणं नाही. हौसेला मोल नसतं, हे खरं. पण घरच्या हौसेचा हिशेब घरातल्या बाईला माहीत असला पाहिजे. पट ठरला की कारभाऱ्यांना चार प्रश्न बिनदिक्कत विचारा. परवानगी काढलीय का? मैदानावर रुग्णवाहिका आणि जनावरांचा डॉक्टर असणार का? धुरकऱ्याचा विमा काढलाय का? आणि यंदा पटावर किती खर्चायचे, हा आकडा आधी ठरलाय का? दहीहंडीच्या गोविंदांसाठी २०२२ मध्ये सरकारने मदत जाहीर केली. मृत्यू झाल्यास कुटुंबाला दहा लाख. मग आपल्या धुरकऱ्याचा जीव स्वस्त आहे का? हा प्रश्न ग्रामसभेतही विचारता येतो आणि तिथे बसायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

धावडा नावाचं झाड आपल्या डोंगरात आहे. त्याचं लाकूड चिवट, म्हणून बैलगाडीच्या आसाला वापरायचे. आस कुणाला दिसत नाही, सगळ्यांची नजर चाकावर असते. पण आसाने साथ सोडली तर गाडी जागची हलत नाही. घरातल्या बाईचंही तसंच आहे. तेव्हा यंदा पट बघायला जाल तेव्हा नुसती भाकरी बांधून देऊ नका. ठरवायच्या बैठकीतही जाऊन बसा.