माकडताप, मंगन कायिले आणि आपला विषय

सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय आपल्यापैकी बरेचजण का घेतात, हे प्राध्यापकांना ठाऊक आहे आणि आपल्यालाही. मेडिकलला नंबर लागत नाही, फार्मसीची फी परवडत नाही, मग कोणीतरी नातेवाईक म्हणतो, "मायक्रो तरी घे." मीही त्याच वाटेने आले. पुढे मात्र विषय आवडू लागला, आणि आवडू लागला म्हणूनच एक तक्रार या पानांवर मांडण्याचे धाडस करते आहे.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची यादी एकदा नजरेखालून घाला. आवारातल्या मातीतील जिवाणू, हॉटेलच्या पाण्याची तपासणी, दह्यातील लॅक्टोबॅसिलस. मागील वर्षीही तेच, त्याच्या मागील वर्षीही तेच. हे विषय टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही. उघड्यावरच्या उसाच्या रसाची तपासणी करून एखाद्याचे पोट बिघडायचे वाचले तर ते पुण्याचेच काम. पण ज्या रोगाचा शेतीशी, जंगलाशी, गुराढोरांशी आणि थेट आपल्या भागातील मजुरांशी संबंध आहे, तो रोग आपल्या यादीत कधीच नसतो. मराठीत त्याला माकडताप म्हणतात. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र त्याला 'मंगन कायिले' म्हणतील. पुस्तकात त्याचे नाव क्यासनूर जंगलाचा रोग असे असते आणि त्यावर पाचसात ओळी असतात.

त्या पाचसात ओळींत न येणारी हकिकत अशी. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ जंगलाकाठच्या गावांत माणसे तापाने फणफणली. पुण्याला १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र निघाले होते. आज आपण ज्याला राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणतो तेच. तेथील शास्त्रज्ञांच्या मनात प्रथम भीती आली ती पिवळ्या तापाची. हा ताप आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहे. अमेरिकेच्या जंगलांत तर त्याने माकडेही मरतात. भारतात त्याला लागणारा डास मुबलक आहे, पण रोग कधीच आलेला नाही. तो आला असता तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. तपासाअंती निघाला मात्र वेगळाच विषाणू. त्याचे नाते रशियातील मेंदूज्वराच्या विषाणूंशी होते आणि तो डासाने नव्हे, गोचिडीने पसरत होता. हा शोध फुकट लागला नाही. प्रयोगशाळेत या विषाणूवर काम करणाऱ्या अनेकांना त्याची लागण झाली.

गोचीड म्हटले की आपल्याला गायीच्या कानामागची टपोरी गोचीड आठवते. माणसाला धोका असतो तो तिच्या पिल्लांचा. ती तिळाएवढी असतात आणि डिसेंबर-जानेवारीपासून पावसाळ्यापर्यंत पालापाचोळ्यात सुमार असतात. उंदीर, चिचुंद्री अशा लहान प्राण्यांवर आणि माकडांवर ती जगतात. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागाच धोक्याची होते. मोठ्या गोचिडींना मात्र मोठे जनावर लागते. जंगल तोडून शेत केले, उरलेल्या रानात गुरे चरायला सोडली, की गोचिडींची सोय आपणच लावून देतो. माणसाला चावा बसल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी-ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या. काहींना रक्तस्राव होतो. काहींना बरे वाटल्यानंतर पुन्हा ताप येतो, आणि या खेपेस तो मेंदूवर जातो. शंभरांत तीन ते पाच रोगी दगावतात. नेमके असे औषध नाही. वेळेवर सलाइन आणि देखरेख मिळाली तर बहुतेकजण बरे होतात. एका माणसापासून दुसऱ्याला हा रोग होत नाही, हे मात्र ठळकपणे सांगायला हवे. नाहीतर रोग्यालाच वाळीत टाकायला आपली गावे कमी करत नाहीत.

'हे सारे शिमोग्याचे, आपल्याला काय त्याचे?' असे कोणी विचारील. बरीच वर्षे ते खरेही होते. पन्नासहून अधिक वर्षे हा रोग कर्नाटकाच्या पाच जिल्ह्यांतच फिरत राहिला. नंतर तो चामराजनगर, निलगिरी आणि वायनाडकडे दिसला. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाली गावात आला. २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या परिसरात. नकाशा समोर घेऊन ही गावे पाहा. चोर्ला घाट उतरला की सत्तरी, तिलारीचा घाट उतरला की दोडामार्ग.

या घाटांनी काय जाते हे काकतीसारख्या हमरस्त्यावरच्या गावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. बेळगावची भाजी आणि दूध रोज गोव्याला जाते, आणि भाजीच्या मागोमाग माणसेही जातात. कोणी गवंडीकामाला, कोणी हॉटेलात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला काजूच्या बागांत. काजूचे काम म्हणजे झाडाखाली वाकून वा उकिडवे बसून, पालापाचोळ्यात पडलेली बोंडे वेचायची आणि बी वेगळी करायची. हंगाम फेब्रुवारी ते मे. गोचिडीच्या पिल्लांचाही हंगाम तोच. २०१६ साली गोव्यातील काजूच्या बागांत राबलेल्या आपल्या जिल्ह्यातील मजुरांमध्ये या रोगाचे रुग्ण सापडले. जंगल गोव्याचे, ताप आला बेळगावकडच्या माणसाला.

येथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. या मजुराला कोणत्या यादीत धरायचे? कर्नाटकात १९९० पासून माकडतापाची लस दिली जात असे. बाधित जागेपासून पाच किलोमीटरच्या आतील गावांना ती मिळे. तिचे यश बेताचेच होते. दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रेनंतर सुमारे ८३ टक्के संरक्षण, असे एका पाहणीत दिसले. २०२२ नंतर ती लस बंद झाली आणि नव्या लसीचे काम सुरू झाले. उद्या नवी लस आली, ती उत्तम निघाली, तरी 'बाधित गाव' या हिशेबात दोन महिन्यांपुरता परराज्यात गेलेला मजूर बसत नाही. गोव्याच्या दप्तरी तो गावचा नाही, बेळगावच्या दप्तरी त्याचे गाव बाधित नाही. गोचिडीच्या प्रतिबंधासाठी अंगाला लावायचे डेपा तेल जंगलाकाठच्या गावांत वाटले जाते. बागेच्या कडेला झोपडीत राहणाऱ्या बिगारी बाईच्या हातात ती बाटली कोण ठेवणार?

ती गावी परत येते आणि तिसऱ्या दिवशी तिला ताप भरतो. डॉक्टर टायफॉइडची तपासणी करतात, एक इंजेक्शन देतात, 'व्हायरल आहे' म्हणतात. व्हायरल तर आहेच! पण कोणता, हे कळण्यासाठी विचारायचा प्रश्न रक्ताच्या बाटलीच्याही आधीचा आहे: "बाई, गेल्या पंधरवड्यात कुठे कामाला होतीस?"

सीमेवरच्या तिठ्यावर रोग कसा हातातून निसटतो, हे आफ्रिकेने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन हे तीन देश जेथे भेटतात, त्या गेकेडू भागात डिसेंबर २०१३ मध्ये एक मूल तापाने गेले. त्या तापाचे नाव एबोला आहे हे कळायला मार्च २०१४ उजाडला, कारण नमुने तपासायला फ्रान्सला धाडावे लागले. तोवर बाजारहाट, सोयरीक आणि मयतीच्या निमित्ताने माणसे तिन्ही देशांत जात-येत राहिली. अकरा हजारांहून अधिक माणसे मेली. उलट त्याच वर्षी जुलैत एक रोगी विमानाने नायजेरियातील लागोस शहरात उतरला. तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयातच तपासणी झाली, पोलिओ मोहिमेत घडलेली माणसे घरोघर पाठवली गेली, आणि साऱ्या नायजेरियात रोग २० रुग्ण व ८ मृत्यूंवर थांबला. माकडताप म्हणजे एबोला नव्हे. हे मी वर सांगितलेच आहे. तरीपण तपासणीची जागा आणि रोगाची जागा यांत किती अंतर असावे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

आणि बेळगाव या बाबतीत दरिद्री नाही. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत आपण सकाळी फिरायला जातो. तेथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वासरांच्या मदतीने देवीची लस तयार होत असे आणि मुंबई इलाख्यात जात असे, हे किती जणांना माहीत आहे? आज शहरात आयसीएमआरची संस्था आहे, वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि २०२० च्या कोरोनात आरटी-पीसीआरची तपासणी येथे होऊ शकते हे आपण पाहिले. जानेवारी ते मे या काळात घाटाखालून ताप घेऊन आलेल्या प्रत्येकाची माकडतापाची तपासणी याच गावात, त्याच दिवशी व्हावी, ही मागणी मला अवास्तव वाटत नाही.

माझे एक प्राध्यापक यावर म्हणाले, की साऱ्या देशात वर्षाला चारपाचशे रुग्ण. क्षयाने किती मरतात ते बघ. त्यांचे आकडे बरोबर आहेत आणि क्षयापुढे हा रोग लहान आहे हे मला मान्य आहे. मात्र हा लहान रोग नेमका कोणाला होतो हेही पाहिले पाहिजे. वर्षाची उसनवारी ज्या दोन महिन्यांच्या मजुरीवर फिटते, त्याच दोन महिन्यांत तो घरातला कमावता माणूस आडवा पाडतो.

आपण विद्यार्थी यात काय करणार? विषाणू वाढवायचा नाही. तो आपल्या प्रयोगशाळेत आणायच्या लायकीचा नाही, आणि तसला हट्ट कोणी धरू नये. आपण विचारू शकतो आणि लिहून ठेवू शकतो. कोणत्या गावातून किती माणसे, कोणत्या बागेकडे, कधी जातात, गुरे कोठे चरतात, गेल्या वर्षी परतल्यावर कोणाला ताप आला, बागेत मेलेले माकड कोणी पाहिले. समाजशास्त्राचे विद्यार्थी बरोबर घ्यावेत. प्रश्नावली मराठीत आणि कन्नडमध्ये असावी. या कॉलेजात दोन्ही भाषांचे विद्यार्थी एकाच बाकावर बसतात, हे आपले भांडवल एरवी फक्त स्नेहसंमेलनात खर्च होते. बरोबर एक छापील कागद द्यावा: तेल लावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, कामावरून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे धुवा, मेलेल्या माकडाला हात न लावता वनखात्याला कळवा, ताप आला तर डॉक्टरांना काजूच्या बागेचे नाव सांगा.

विभागप्रमुखांकडे मी हा प्रकल्प लेखी मागितला आहे. मंजुरी मिळाल्यास यादीचे काम डिसेंबरातच उरकावे लागेल. जानेवारी सरता सरता माणसे घाट उतरू लागतात.