फिरते चाक

‘वेळ म्हणजे पैसा’ हे वाक्य शाळेच्या निबंधात आपण सर्वांनीच लिहिले आहे. त्याचा खरा अर्थ मला गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कळला. आमच्या गावी नेटवर्क मिळते ते देवळाच्या पारावर. तिथे तासभर बसलो, पण संकेतस्थळावरचे ते गोल चाक फिरतच राहिले. अखेर पान उघडले, तेव्हा त्यावर एवढेच होते : ‘वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा.’ दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन अर्ज भरला. एस.टी.चे भाडे आणि सायबर कॅफेचे पैसे मिळून आईची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली.

दोष नेटवर्कचा, असे आपण म्हणतो. तो आहेच, परंतु सगळा त्याचा नव्हे. हिशेब करून पाहा. सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने ४ एम.बी.चा फोटो यायला सुमारे ३२ सेकंद लागतात. तोच लहान करून १५० के.बी.वर आणला, तर सव्वा सेकंदात येतो आणि मोबाइलवर दिसतोही जवळजवळ तसाच. दहा सेकंदांपलीकडे वाट पाहणाऱ्याचे लक्ष टिकत नाही, हे जेकब नील्सन यांनी १९९३ सालीच लिहून ठेवले आहे.

मराठी सूचनांचे तर विचारूच नका. टाइप केलेल्या कागदाचा फोटो काढून तो चढवतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत मराठीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असते. म्हणजे दीड हजार चिन्हांची सूचना साडेचार के.बी.त मावते. तिचाच २ एम.बी.चा फोटो चारशेपटींहून जड होतो!

भारतात २०२२ मध्ये ५जी आले, मग हा प्रश्न उरलाच कुठे, असे कोणी म्हणेल. पण रस्ता रुंद झाला म्हणून बैलगाडीत धोंडे भरायचे काय? आणि तो रस्ता आमच्या पारापर्यंत कुठे पोचला आहे?

उपाय साधे आहेत. फोटो लहान करावेत. खालचे फोटो वाचक तिथवर आल्यावरच उघडावेत. सूचना अक्षरांतच द्यावी. सरकत्या जाहिराती आणि आपोआप चालणारे व्हिडिओ काढून टाकावेत. न बदलणारा मजकूर मोबाइलमध्येच साठून राहील, अशी सोय करावी.

शेवटी प्राध्यापकांना आणि संगणक शिकणाऱ्या मित्रांना एकच विनंती. संकेतस्थळ तयार झाले की ते एकदा तरी स्वस्त मोबाइलवर, अशाच एखाद्या पारावर बसून उघडून पाहा. तिथे ते उघडले, तरच ते सर्वांचे झाले.